मोरियांची घरे : बुटक्या लोकांच्या एका दंतकथेचा विचार

मलप्रभा नदी खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावते आणि खानापूर गावावरून वाहत पूर्वेकडील पठारावर उतरून पुढे ऐहोळे-पट्टदकलच्या परिसरात शिरते. या नदीच्या काठचा लिखित इतिहास तसा जुना आहे. तिच्याच तालुक्यातील हलशी हे गाव म्हणजे कदंबांची ‘पलाशिका’. तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून या भूमीवरील राजे, त्यांची दाने आणि त्यांनी उभारलेली जिनालये यांचा वृत्तांत आपणांस उपलब्ध झाला आहे. परंतु लेखनविद्या येण्यापूर्वी येथे माणसे नव्हती काय? होती, आणि त्यांनी आपल्या मागे अक्षरे ठेवली नसली, तरी दगड ठेवले आहेत. त्या दगडांभोवती लोकांनी रचलेली एक कथा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्यापासून जवळच कोन्नूर नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्माच्या टेकड्यांच्या पायथ्याशी प्रचंड शिळा उभ्या करून व त्यांवर तशीच शिळा आडवी टाकून बनविलेल्या कोठड्या आहेत. इ. स. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेळगाव जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्यांची नोंद असून लोक त्यांना ‘पांडवांची घरे’ म्हणतात असे तेथे सांगितले आहे. हेच बांधकाम आणखी पूर्वेस व दक्षिणेस, रायचूर-कोप्पळच्या बाजूस आढळले, की त्याचे नाव बदलते. तेथे त्याला कन्नडमध्ये ‘मोरेर मने’, म्हणजे मोरियांची घरे, म्हणतात. कोप्पळ जिल्ह्यातील हिरेबेणकल येथे अशा रचनांचा एक विशाल समूह एका डोंगरावर पसरलेला आहे. त्या डोंगराचेच नाव ‘मोरेर गुड्ड’. हे मोरिये कोण, असे विचारता उत्तर मिळते, की ती फार पूर्वी होऊन गेलेली बुटक्या माणसांची एक जात होती; उंचीने अगदी खुजी, पण बळाने अशी विलक्षण, की एवढाल्या शिळा त्यांनी सहज उचलल्या. तेलंगणात मात्र अशाच कबरींना ‘राक्षसगुळ्लु’, राक्षसांची देवळे, असे नाव आहे. एकाच प्रकारच्या दगडांना एका ठिकाणी पांडव, दुसऱ्या ठिकाणी राक्षस व तिसऱ्या ठिकाणी बुटके असे तीन वेगवेगळे धनी मिळाले आहेत. यांत एकच गोष्ट समान आहे : ती घरे आपल्यासारख्या माणसांनी बांधली असतील, ही शक्यता कोणीही मान्य केलेली नाही.

पांडव आणि राक्षस यांचे कारण उघड आहे. जेथे कृती अवाढव्य असते, तेथे कर्ताही अवाढव्य असला पाहिजे, असे लोकमन मानते. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना ‘पांडवलेणी’ हे नाव पडले ते याच न्यायाने. पण बुटक्या माणसांची कल्पना कोठून आली? त्याचे उत्तर त्या कोठड्यांच्या रचनेतच सापडते. यांतील पुष्कळ कोठड्यांच्या एका बाजूच्या शिळेत एक वाटोळे भोक कोरलेले असते. मोठ्या माणसास त्यातून आत जाणे कठीण. ज्याने ती कोठडी ‘घर’ आहे असे एकदा गृहीत धरले, त्याला ते भोक ‘दार’ वाटणार. आणि दार जर एवढे लहान, तर राहणारेही तेवढेच लहान असले पाहिजेत, असा निष्कर्ष तो काढणार. येथे अनुमानाची पद्धत चुकलेली नाही; चुकले आहे ते गृहीतक. अशिक्षितांची भोळी समजूत म्हणून जी कथा आपण बाजूस सारतो, तिच्या मुळाशी एक निरीक्षण आणि एक सरळ तर्क आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

या कोठड्या म्हणजे घरे नसून मृतांची स्मारके होत, हे आता निर्विवाद आहे. शोरापूर संस्थानाच्या कारभारावर असलेल्या मेडोज टेलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राजन कोळूर व जेवर्गी येथील अशा अवशेषांची वर्णने मुंबईच्या एशियाटिक शाखेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. मोरियांची दंतकथा त्याच्याही कानी आली होती. गंमत अशी, की ग्रामस्थांची बुटक्यांची कथा नाकारून टेलरने जी उपपत्ती मांडली, ती तिच्याहून फारशी निराळी नव्हती. हे अवशेष सिथियन व ड्रुइड लोकांशी संबद्ध आहेत असे त्याला वाटले. म्हणजे ग्रामस्थांनी ती घरे दुसऱ्या जातीच्या प्राण्यांना दिली, तर विद्वानाने ती दुसऱ्या देशाच्या माणसांना दिली. येथल्या माणसाला ती दोघांनीही दिली नाहीत.

पुढील शतकात या प्रश्नाला शास्त्रीय वळण लागले. इ. स. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरी येथे उत्खनन करून महापाषाणीय कबरींचा थर प्रथमच निश्चित क्रमात बसविला. त्यांनी या संस्कृतीचा आरंभ इ. स. पूर्व २०० च्या सुमारास धरला होता. नंतरच्या संशोधनाने तो कित्येक शतके मागे नेला असून आज इ. स. पूर्व सुमारे १२०० पर्यंत त्याची मर्यादा सांगितली जाते. उत्तर कर्नाटकातील शिलाकोष्ठांचा अ. सुंदर यांनी केलेला सविस्तर अभ्यास १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी केनेथ केनेडी यांनी दक्षिण भारत व श्रीलंका येथील महापाषाणीय सांगाड्यांचा आढावा घेतला आणि हे लोक कोणा एकाच विशिष्ट वंशाचे नव्हते, असे दाखविले. कबरींतून मिळालेली प्रौढांची हाडे सामान्य उंचीच्या स्त्रीपुरुषांची आहेत. बुटक्या जातीचा त्यांत मागमूसही नाही.

मग ते भोक कशासाठी? या लोकांत मृतदेह काही काळ अन्यत्र ठेवून नंतर निवडक अस्थी गोळा करून त्या कोठडीत ठेवण्याची चाल होती. एकाच कोठडीत वेळोवेळी अशा अस्थी ठेवल्या जात. वरची शिळा पुनःपुन्हा हलविणे अशक्य असल्यामुळे बाजूला मार्ग ठेवणे आवश्यक होते. म्हणजे ते दार खरेच होते, परंतु लहान माणसांसाठी नव्हे, तर मोठ्या माणसांच्या उरलेल्या हाडांसाठी.

या लोकांची संस्कृती कशी होती, याचे अधिक स्पष्ट चित्र विदर्भात मिळते. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे वर्णन रिव्हेट-कारनॅक याने इ. स. १८७९ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इत्यादी ठिकाणी उत्खनने केली. त्यांतून लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर, काळी-तांबडी मडकी, मौल्यवान दगडांचे मणी आणि माणसाबरोबर पुरलेल्या घोड्यांचे अवशेष व त्यांच्या मस्तकावरील तांब्याचे अलंकार मिळाले. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष आढळले. धातू जाणणारे, पाषाण फोडणारे, घोडा बाळगणारे आणि मृतांचा विसर पडू न देणारे असे हे लोक होते. दंतकथेने त्यांना ‘बुटके’ ठरविले खरे; पण ‘बलवान’ आणि ‘दगडकामात निष्णात’ ही त्यांची दोन लक्षणे मात्र तिने अचूक जतन केली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ‘मोरिये’ या नावाकडे वळू. हे नाव ऐकताच मौर्यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. अशोकाच्या राज्याचा विस्तार या भागापर्यंत होता, यात शंका नाही. ब्रह्मगिरी, सिद्धापूर व जतिंग-रामेश्वर येथील त्याचे लेख १८९२ मध्ये लुईस राइस यांना सापडले आणि १९१५ मध्ये मस्की येथे ज्यात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष आले आहे असा लेख उजेडात आला. पुढे मौर्य हे नाव कोकणातील एका राजघराण्याकडे टिकून राहिले. मलप्रभेच्याच काठी ऐहोळे येथील मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे. त्यात दुसऱ्या पुलकेशीने कोकणातील मौर्यांचा पाडाव केल्याचे वर्णन आहे. त्याच टेकडीवर त्या देवळामागे महापाषाणीय शिलाकोष्ठही उभे आहेत. म्हणजे मौर्यांच्या पराभवाची नोंद आणि दंतकथेने मोरियांना दिलेल्या प्रकारची ‘घरे’ एकाच टेकडीवर शेजारी शेजारी आहेत. जित मौर्यांची स्मृती लोकांत आकसत आकसत बुटक्यांच्या कथेत उरली असावी, असा मोहक तर्क येथे करता येईल.

परंतु हा मोह आवरला पाहिजे. नामसाम्य हे चौकशीचे निमित्त होऊ शकते, पुरावा होऊ शकत नाही. याचे एक आश्चर्यकारक उदाहरण अगदी दूरच्या वाङ्मयात सापडते. ऑक्सफर्ड येथील प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द हॉबिट’ (१९३७) व ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबऱ्यांतून एक संपूर्ण कल्पित जग निर्माण केले. त्यात बुटक्या लोकांचे एक मोठे राष्ट्र आहे. ते डोंगर पोखरून भुयारी नगरे वसवितात, धातू घडवितात आणि हरवलेल्या मायभूमीचा ध्यास घेतात. त्यांच्या सर्वांत प्राचीन, उद्ध्वस्त भुयारी नगराचे नाव काय, तर ‘मोरिया’! एखाद्या उतावळ्या संशोधकाने यावरून कोप्पळच्या डोंगरापासून ऑक्सफर्डपर्यंत धागा जोडला असता. पण हे नाव टॉल्किन यांनी एका नॉर्वेजियन परीकथेतील किल्ल्याच्या नावाच्या केवळ नादावरून घेतले आणि आपल्या कल्पित भाषेत त्याला ‘काळी दरी’ असा अर्थ दिला, असे त्यांनीच पत्रात सांगितले आहे. येथे ग्रंथकाराचे पत्र उपलब्ध आहे म्हणून भ्रम टळतो; जेथे असे पत्र नसते, तेथे आपणच सावध राहिले पाहिजे.

टॉल्किन यांच्या बुटक्यांचा उल्लेख केवळ नावासाठी केलेला नाही. युरोपातही लोककथांतील बुटके हे खरोखरच्या एका आदिम, ठेंगण्या जातीचे स्मरण आहे, अशी उपपत्ती डेव्हिड मॅकरिची यांनी १८९० मध्ये मांडली होती. जमिनीखालच्या जुन्या कोठड्या व टेकाडे ही त्या जातीची घरे असे ते म्हणत. मोरियांच्या कथेचीच ही पाश्चात्य आवृत्ती होय. पुढील संशोधनाने ती अमान्य केली. टॉल्किन यांनी शहाणपणाने इतिहासाचा दावा न करता कल्पनेचा मार्ग धरला. प्राचीन नॉर्स काव्यातील बुटक्यांची नामावळी घेऊन त्यांनी तिच्या धारकांना वंशावळी दिल्या, युद्धे दिली, आणि सेमिटिक भाषांच्या धर्तीवर रचलेली एक स्वतंत्र भाषाही दिली. हे लोक ज्या देशात राहतील त्या देशाची भाषा बोलतात, मात्र आपली भाषा घरात जपतात. आणि आपले खरे नाव परक्यास कधीच सांगत नाहीत, थडग्यावरसुद्धा कोरीत नाहीत. कोन्नूरच्या नामरहित कोठड्या पाहिलेल्या वाचकास हा तपशील सहज ओळखीचा वाटेल.

आपल्या स्वतःच्या परंपरेतही बुटक्यांना स्थान कमी नाही. इराणच्या दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने इ. स. पूर्व ४०० च्या सुमारास भारताविषयी लिहिताना मध्य भागातील दीड-दोन हात उंचीच्या, लांब केसांच्या व धनुर्विद्येत प्रवीण लोकांचे वर्णन केले. हे वर्णन ऐकीव होते. आपल्याकडील वर्णने तशी भूगोलाची नाहीत, ती मनाची आहेत. कुबेराचे अनुचर यक्ष हे ठेंगणे व लंबोदर; आणि त्याच्या नऊ निधींतील एकाचे नावच ‘खर्व’, म्हणजे बुटका. पृथ्वीच्या पोटातील धन आणि बुटका रक्षक यांची सांगड उत्तर युरोपाप्रमाणे येथेही घातली गेली होती. पितळखोरे येथे सापडलेली ठेंगण्या यक्षाची सुप्रसिद्ध हसरी मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली, असे तिच्या हातावरील लेख सांगतो. बुटक्या धनरक्षकाची मूर्ती धातूकाम करणाऱ्याच्या हातून घडावी, हा योग अर्थपूर्ण वाटतो. नाशिकच्या तिसऱ्या लेण्याच्या ओटीखाली असेच गण तिचा भार खांद्यावर वाहताना दाखविले आहेत, आणि बदामीच्या लेण्यांच्या जोत्यांवर त्यांच्या रांगाच्या रांगा नाचत आहेत. भार वाहणारे, हसविणारे, राखण करणारे : कलेने ठेंगण्यांना ही कामे दिली. कौटिलीय अर्थशास्त्राने तर कुब्ज व वामन यांना अंतःपुरात हेर म्हणून नेमण्यास सांगितले आहे. म्हणजे खऱ्याखुऱ्या ठेंगण्या माणसांच्या वाट्यासही समाजाने दिलेली भूमिका अशीच होती.

याला दोन अपवाद आहेत. पहिला वामनावताराचा. येथे ठेंगणा हाच विजेता असून पराभूत बळी आहे. आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सहानुभूती बळीकडे आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीला मूळ रहिवाशांचा राजा व वामनाला आक्रमक मानले, तेव्हा त्यांनी पूर्वजांना खुजे करण्याची लोककथेची रीत उलटी फिरविली. दुसरा अपवाद महाभारताच्या आदिपर्वातील वालखिल्यांचा. अंगठ्याएवढे हे ऋषी पळसाच्या पानाचा एक देठ सर्वांनी मिळून वाहून नेत असता गाईच्या खुराने झालेल्या पाण्याच्या खळग्यात बुडू लागले, तेव्हा इंद्र त्यांना हसला. त्या उपहासाने संतप्त होऊन त्यांनी दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी यज्ञ आरंभिला. अखेरीस कश्यपाने मध्यस्थी केली आणि त्या यज्ञाच्या फलातून गरुड जन्मास आला. लहानांना हसणाऱ्याचे आसन डळमळते, हे त्या कथेचे तात्पर्य. हलशीच्या जुन्या नावात पळस आहे, एवढ्यावरून त्या ऋषींना येथे आणण्याचे कारण नाही. परंतु ते तात्पर्य येथे आणण्यास प्रत्यवाय नसावा.

मराठीत ‘खुजा’ हा शब्द संस्कृत ‘कुब्ज’ यापासून प्राकृतातून आला. मूळ अर्थ कुबडा. नंतर तो ठेंगणा झाला. आणि आता आपण ‘खुजे मन’, ‘खुजा विचार’ असेही म्हणतो. शरीराच्या वर्णनाचा शब्द निंदेचा झाला. पूर्वजांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. जे आपल्याआधी येथे होते, त्यांना एक तर देव किंवा राक्षस करून आपण डोक्याच्या वर ठेवले, किंवा बुटके करून कमरेच्या खाली. बरोबरीच्या उंचीवर त्यांना उभे केले नाही. असे करण्याची सोय उघड आहे : ती माणसेच नव्हती असे ठरले, की त्यांच्या भूमीवर आपण पहिलेच ठरतो.

सीमाभागात या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. भूमी प्रथम कोणाची, हा प्रश्न येथे नेहमीच तापलेला असतो आणि त्यासाठी शिलालेखांची भाषा तपासली जाते. ती अवश्य तपासावी. परंतु कोन्नूरच्या कोठड्यांवर लेख नाही. त्यांच्या बांधणाऱ्यांची भाषा मराठीही नव्हती आणि आज आपण ऐकतो ती कन्नडही नव्हती. त्या दगडांपुढे उभा राहिलेला मराठी मनुष्य व कन्नड मनुष्य हे दोघेही सारखेच मागाहून आलेले असतात, आणि दोघांचाही त्यांवर वारस म्हणून सारखाच अधिकार असतो. एकाने त्यांना पांडव म्हटले, दुसऱ्याने मोरिये. दोन्ही नावे एकाच विस्मरणातून निघाली आहेत.

हिरेबेणकलचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण यादीत नसलेल्या लहान स्थळांचे काय? शेत सपाट करताना, खडी फोडताना, रस्त्याला दगड लागतो तेव्हा बळी पडतात ती अशीच ठिकाणे. दगड गेला, की त्याला चिकटलेली कथाही जाते. कारण ‘ते पाहा मोरियांचे घर’ असे म्हणायला समोर काही उरत नाही. या कामी शिक्षकवर्गास पुष्कळ करता येईल. आपल्या गावाच्या शिवारात असे दगड, वर्तुळे, कोठड्या कोठे आहेत, त्यांना दोन्ही भाषांत लोक काय म्हणतात, त्यांच्याविषयी कोणती गोष्ट सांगतात, हे विद्यार्थ्यांकडून वृद्धांना विचारवून टिपून ठेवले, तर ते पुढील संशोधकास मोलाचे ठरेल. मात्र टिपताना कथा सुधारू नये आणि पुरावा म्हणून वापरूही नये. कथा सांगते ती दगड बांधणाऱ्यांची हकिकत नव्हे. ते दगड पाहणाऱ्यांची हकिकत.

टॉल्किन यांनी जे लोक कधीच नव्हते त्यांना भाषा, वंशावळ आणि दुःख दिले. आपल्या पठारावर जे लोक खरोखर होते, त्यांची भाषा आपणांस मिळणार नाही, नावेही मिळणार नाहीत. त्यांची उंची मात्र मिळाली आहे, आणि ती आपल्याइतकीच होती. इतिहासाने त्यांना निदान तेवढी परत करावी.